'सस्पिशन'चा शेवट नेमका कुठे फसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आल्फ्रेड हिचकॉकचा १९४१ सालचा 'सस्पिशन' बघताना दीड तास श्वास रोखून बसलो आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत सगळी हवाच निघून गेली. एवढ्या कसलेल्या दिग्दर्शकाकडून असं का व्हावं? आणि मी स्वतः थरारपटाची पटकथा लिहितो आहे, तर माझ्या लिखाणात हे कसं टाळू?

मी बरीच वर्षं पटकथा लिहितो आणि इतरांच्या अडलेल्या पटकथा दुरुस्तही करून देतो. दुरुस्तीला येणाऱ्या थरारपटांबद्दल निर्मात्यांची तक्रार बहुतेक वेळा हीच असते: "बाकी सगळं जमलंय, फक्त शेवट तेवढा बघा." म्हणून जरा विस्ताराने लिहितो. पुढे काही चित्रपटांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांना ते कोरे बघायचे असतील त्यांनी आधी बघून घ्यावेत.

ज्यांनी 'सस्पिशन' पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. लीना ही इंग्लंडमधल्या एका सधन जनरलची पुस्तकात रमणारी, बुजरी मुलगी. हिचं काही लग्न व्हायचं नाही, असं आई-वडिलांचं बोलणं ती चोरून ऐकते, आणि त्याच दुखावलेल्या क्षणी जॉनी तिच्या आयुष्यात पाय रोवतो. जॉनी देखणा, बोलघेवडा, कफल्लक आणि सराईत खोटारडा. घरच्यांना न सांगता ती त्याच्याशी लग्न करते. मग एकेक गोष्ट उघडी पडत जाते. हनिमूनचा खर्च उधारीचा. वडिलांनी लग्नात दिलेल्या जुन्या खुर्च्या त्याने परस्पर विकलेल्या. नोकरीच्या ठिकाणी दोन हजार पौंडांची अफरातफर. मग त्याचा भाबडा, पैसेवाला मित्र बीकी पॅरिसमध्ये दारूच्या पैजेत मरतो, आणि त्या वेळी त्याच्यासोबत आणखी एक इंग्रज माणूस होता असं पोलिसांकडून कळतं. जॉनी लीनाच्या विम्याची चौकशी करतोय, शेजारच्या रहस्यकथा-लेखिकेकडून माग न लागणाऱ्या विषाची माहिती काढतोय. एका रात्री तो तिच्यासाठी दुधाचा ग्लास घेऊन जिना चढतो. ती दूध पीत नाही. सकाळी माहेरी जायला निघते. तो तिला गाडीतून न्यायला निघतो, रस्ता समुद्रकड्याच्या काठाने जातो, तिच्या बाजूचं दार अचानक उघडतं, त्याचा हात तिच्याकडे झेपावतो...

आणि मग कळतं की तो तिला वाचवत होता. गाडी थांबते. रस्त्याच्या कडेला जॉनी सांगतो की विष त्याला स्वतःसाठी हवं होतं. बीकी मेला तेव्हा तो लिव्हरपूलला तिच्या विम्यावर कर्ज काढायच्या खटपटीत होता. लीना म्हणते, चूक माझीही तितकीच आहे. गाडी वळते, त्याचा हात तिच्या खांद्याभोवती जातो, चित्रपट संपतो.

यावर नेहमी दिलं जाणारं उत्तर असं की जॉनीची भूमिका करणाऱ्या कॅरी ग्रँटसारख्या लाडक्या नटाला खुनी दाखवायला आर.के.ओ. स्टुडिओ तयार नव्हता. हिचकॉकनेही १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत हेच सांगितलं. त्याने तर असंही सांगितलं की तो परगावी असताना स्टुडिओतल्या एकाने, जॉनी खुनी असू शकेल असं सुचवणारा प्रत्येक तुकडा कापला, आणि चित्रपट उरला ५५ मिनिटांचा! पुढे ते तुकडे परत जोडले गेले. त्या ५५ मिनिटांवरून एक लक्षात येतं: या चित्रपटाचा जवळजवळ निम्मा देह संशयाने भरलेला होता.

पण ताऱ्याच्या प्रतिमेचं कारण मला अर्धंच पटतं. तसाच पेच हिचकॉकला चौदा वर्षं आधी 'द लॉजर'मध्ये पडला होता. लंडनमध्ये सोनेरी केसांच्या मुलींचे खून पडताहेत आणि एक गूढ तरुण भाडेकरू म्हणून एका घरात राहायला येतो. भूमिकेत आयव्हर नोव्हेलो, म्हणजे तेव्हाचा ब्रिटनमधला लोकांच्या गळ्यातला ताईत. त्याला खुनी दाखवणं तिथेही शक्य नव्हतं. तरी 'द लॉजर'चा शेवट आपल्याला असा पोकळ वाटत नाही. कारण दोन. एक, भाडेकरूचं संशयास्पद वागणं खोटं ठरत नाही, त्याला दुसरा अर्थ मिळतो: त्याची बहीण याच खुन्याची बळी आहे आणि तो त्याचा माग काढतोय, म्हणून त्याच्या बॅगेत खुनांच्या जागा दाखवणारा नकाशा. दुसरं, संशयाची किंमत कुणीतरी मोजतं. हातात बेड्या घालून पळणारा तो तरुण लोखंडी कुंपणावर अडकून लटकतो आणि खवळलेला जमाव त्याच्यावर तुटून पडतो. नायक निर्दोष आहे, पण त्या निर्दोषत्वापर्यंत पोचताना रक्त सांडलेलं आहे. नट तितकाच लाडका आणि अट तीच, तरीही तो शेवट उभा राहतो. म्हणजे 'सस्पिशन'चं दुखणं अटीपलीकडे आहे.

माझ्या मते ते जिन्यावर आहे. तो प्रसंग पुन्हा काढून बघा. काळोखी दिवाणखाना, भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या सावल्या, आणि हातात तबक घेऊन संथपणे जिना चढणारा जॉनी. सगळ्या चौकटीत उजळ काय, तर दुधाचा ग्लास. हिचकॉकने त्या दुधात चक्क दिवा ठेवला होता, प्रेक्षकाची नजर दुसरीकडे जाऊच नये म्हणून. छायाचित्रणाच्या वर्गात हा शॉट आजही दाखवतात आणि दाखवावाच. पण पटकथाकार म्हणून मी एक साधा प्रश्न विचारतो: हे कोण बघतंय? लीना वर, बंद दाराआड अंथरुणात पडली आहे. तिला जिना दिसत नाही. म्हणजे ही तिची कल्पना नाही. खुद्द कॅमेरा आपल्याला सांगतोय, दुधाकडे बघा.

याच चित्रपटात तिची कल्पना कशी दाखवायची हे दिग्दर्शकाला पक्कं ठाऊक आहे. बीकीबरोबर सुट्या अक्षरांचे शब्द जुळवण्याचा खेळ चालला असताना तिच्या हातून 'मर्डर' हा शब्द जुळतो आणि कड्यावरून कोसळणारा बीकी तिला दिसतो. तिथे चित्रावर चित्र चढवून स्पष्ट खूण केली आहे की हे तिच्या मनातलं आहे. जिन्यावर अशी कुठलीच खूण नाही. त्यामुळे शेवटी "तो तुझा भ्रम होता" असं जेव्हा लीनाला सांगितलं जातं, तेव्हा आपण मनात म्हणतो: अहो, पण जिना तर मी पाहिला होता, तिने कुठे? पात्र खोटं बोललं तर प्रेक्षक खूश होतो, त्याला उलट मजा वाटते. कॅमेऱ्याने दिलेली साक्ष फिरवली की तो दुखावतो. बहुतेकांना हे शब्दांत सांगता येत नाही, "शेवट पटला नाही" एवढंच ते म्हणतात.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला ती 'बिफोर द फॅक्ट', १९३२ ची. फ्रान्सिस आइल्स या टोपणनावाने अँथनी बर्कली कॉक्स यांनी ती लिहिली. नवरा खुनी आहे हे तिथे पहिल्या परिच्छेदातच सांगून टाकलं आहे. म्हणजे "तो खुनी आहे का?" हा कादंबरीचा प्रश्नच नाही. तिचा प्रश्न लीनाविषयी आहे: नवऱ्याबद्दल सगळं कळूनही त्याच्याशिवाय जगू न शकणारी बाई काय करेल? कादंबरीत ती जाणूनबुजून विष पिते.

पटकथेत रहस्य वाढवण्यासाठी प्रश्न बदलला, "तो आहे का?" असा केला. व्यवसायाच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा आहे. अडचण ही की चित्रीकरणात आणि अभिनयात जुनाच प्रश्न जिवंत राहिला. लीना झालेल्या जोन फाँटेनचा चेहरा बघा. ती नवऱ्याला सोडून जायचं पत्र लिहिते आणि फाडून टाकते. त्याचं प्रत्येक खोटं पकडते आणि प्रत्येक वेळी माफ करते. या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं. हिचकॉकच्या चित्रपटातल्या अभिनयासाठी मिळालेलं ते एकमेव. आणि ते कशासाठी मिळालं? आपण मरणार असं वाटत असूनही त्या माणसावर प्रेम करत राहणाऱ्या बाईसाठी. ९९ मिनिटांचा चित्रपट आपल्याला तिच्या जागी बसवतो, आणि शेवटच्या क्षणी उत्तर देतो जॉनीविषयी. लीनाने काय ठरवलं, हे अनुत्तरितच राहतं. तिला काही ठरवावंच लागत नाही, कारण गैरसमज दूर झाला! बरं, तो तरी कुठे पूर्ण झाला? अफरातफर झालीच होती. खुर्च्या विकल्याच होत्या. या माणसाच्या हजार थापांनंतर लिव्हरपूलची गोष्ट तेवढी खरी का मानायची? तिला आधार एकच, त्याचा शब्द. लिव्हरपूल आपण पाहिलं नाही, तिथलं एखादं तिकीटही पाहिलं नाही. दोन मिनिटांच्या संवादात पुरावा, कबुली, पश्चात्ताप आणि समेट कोंबलेला आहे.

हिचकॉकने त्रुफोला आपल्या मनातला शेवट सांगितला होता. लीना आईला पत्र लिहिते: मी त्याच्यावर प्रेम करते, तो खुनी आहे हे मला माहीत आहे, मला जगायचं नाही, पण समाजाला त्याच्यापासून वाचवायला हवं. जॉनी दूध घेऊन येतो. ती म्हणते, एवढं पत्र टपालात टाकशील का? दूध पिते आणि मरते. पुढच्या दृश्यात जॉनी शीळ घालत येतो आणि पत्र पेटीत टाकतो. पुढे काही अभ्यासकांनी या आठवणीवर शंका घेतली आहे, चित्रीकरणाआधीही हाच शेवट ठरला होता का, याबद्दल मतभेद आहेत. त्या वादात न पडता मी फक्त तयार चित्रपटाकडे बोट दाखवतो. पहिल्याच प्रसंगात जॉनी तिसऱ्या वर्गाच्या तिकिटावर पहिल्या वर्गात बसलेला आहे, आणि भाड्यातला फरक भरायला लीनाकडून टपाल तिकीट मागून घेतो. मग ते फाडलेलं पत्र. मग वडिलांच्या मृत्यूची तार. इतकंच काय, हिचकॉक आपल्या बहुतेक चित्रपटांत क्षणभर दिसतो तसा इथेही दिसतो, आणि काय करताना? गावातल्या पेटीत पत्र टाकताना. चित्रपटभर टपालच टपाल पेरलेलं आहे आणि शेवटी पत्र नाही. पेरलेलं उगवलं नाही की त्याची रुखरुख लागते, ज्याला मूळ शेवट माहीत नाही त्यालासुद्धा.

पत्राच्या शेवटाकडे कारागिराच्या नजरेने बघा. खुनी पकडला जाणार, म्हणजे त्या काळच्या हॉलिवूडच्या प्रॉडक्शन कोडची 'गुन्ह्याला शिक्षा' ही अट भागते. लीनाचा प्रश्न सुटतो, कारण तिने निवड केली. जिन्यावरचा दिवा खरा ठरतो. आणि प्रेक्षकाला जॉनीपेक्षा जास्त माहीत असतं, त्यामुळे शीळ ऐकताना अंगावर काटा येतो. बोलून काही सांगावं लागत नाही.

शेवट फसण्याचा एक वेगळा प्रकार फ्रिट्झ लांगच्या १९४४ च्या 'द वूमन इन द विंडो'मध्ये दिसतो. सभ्य, मध्यमवयीन प्राध्यापक (एडवर्ड जी. रॉबिन्सन) एका अनोळखी बाईच्या घरी जातो, झटापटीत त्याच्या हातून एक माणूस मरतो, प्रेत लपवणं, ब्लॅकमेल, आणि अखेरीस तो विष घेतो. मग जागा होतो, क्लबातल्या खुर्चीत. सगळं स्वप्न. इथे लपवाछपवी नाही: वाचता वाचता डुलकी लागण्याआधी तो आपल्याला साडेदहाला उठवायला सांगतो, आणि स्वप्नातली काही माणसं क्लबातलेच नोकर निघतात. विषाच्या मरणापासून जाग येण्यापर्यंतचा शॉट तर कट न करता घेतला आहे: कॅमेरा चेहऱ्यावर रोखलेला असताना अंगावरचे कपडे झटक्यात ओढून काढले आणि मागचा सेट बदलला. इतकं सगळं चोख असूनही अनेकांना शेवट खटकतो, कारण इथे पुरावा पुसलेला नाही, परिणाम पुसला आहे. ज्या एका चुकीसाठी माणूस उद्ध्वस्त होताना आपण पाहिला, ती घडलीच नाही. लांगने या शेवटाची बाजू घेतली होती आणि मला त्याची बाजू 'सस्पिशन'पेक्षा पुष्कळ बरी वाटते. निदान नियम त्याने आधी सांगितले होते.

आता जमलेले शेवट. १९६४ चा राजा परांजपे यांचा 'पाठलाग' आणि त्यावरून १९६६ मध्ये राज खोसलांनी हिंदीत केलेला 'मेरा साया' आठवा. वकिलाची बायको वारली आहे, आणि दरोडेखोरांच्या टोळीत पकडलेली एक बाई म्हणते, मीच तुमची बायको. कोर्टात तिला घरातल्या, दोघांच्या अगदी खासगी गोष्टी माहीत असल्याचं दिसत जातं. उलगडा जुळ्या बहिणीचा. कागदावर हा उलगडा अगदी सवंग वाटतो, कुणी आज नॅरेशनला आणला तर निर्माता कपाळाला हात लावेल. पण तो चालतो. का? नवऱ्याच्या डोळ्यांसमोर एक बाई मेली हे खरंच राहतं, आणि समोरची बाई बायको आहे हेही खरं ठरतं. आपण पाहिलेलं काहीच रद्द होत नाही. वर नवऱ्याच्या वाट्याला एक भयंकर गोष्ट येते: आपलं माणूस समोर उभं राहून टाहो फोडत होतं आणि आपण तिला ओळखलं नाही.

'दृश्यम'बद्दल तर बोलायलाच हवं. जीतू जोसेफचा मल्याळम २०१३ चा, आणि गोव्यात घडणारा, निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी २०१५ चा. खून कुणी केला, का केला, सगळं प्रेक्षकाने पाहिलेलं आहे. "कोण?" हा प्रश्न निकालात काढून लेखकाने एकच प्रश्न हातात ठेवला: हा बाप घर वाचवेल का? त्याचं उत्तर मिळाल्यावर शेवटी एक जादा गोष्ट हातात पडते, प्रेत कुठे आहे ती. पोलिस ठाण्याच्या नव्या इमारतीखाली. ते बांधकाम चित्रपटभर आपल्या डोळ्यांसमोर होतं. हा धक्का आधीच्या एकाही दृश्याला खोटं पाडत नाही, उलट बापाची हिंमत केवढी होती ते दाखवून सगळ्या दृश्यांची किंमत वाढवतो.

तुमच्या पटकथेकडे येतो. शेवटच्या दहा पानांना आत्ता हात लावू नका. कोऱ्या कागदावर एका ओळीत लिहा की मध्यंतरापर्यंत प्रेक्षक कशाची वाट बघतोय. 'खुनी कोण' असं लिहिण्याचा मोह होईल. तसं लिहिलंत तर आपल्या प्रसंगांना विचारा की ते खरंच तपासाचे आहेत का. बहुतेकदा असं निघतं की सगळे चांगले लिहिले गेलेले प्रसंग कुठल्यातरी नात्याचे आहेत आणि तपास नुसता चिकटवलेला आहे. मग शेवटाने त्या नात्याचा निकाल लावायला हवा, खुन्याचं नाव त्या निकालाच्या ओघात आलं तरी चालेल.

त्यानंतर पटकथा शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा. प्रत्येक प्रसंगापाशी थांबून बघा: शेवट माहीत असताना हे पात्र इथे असं का वागतंय? एकटं असतानाही ते संशयास्पद वागत असेल, तर ते कुणासाठी? कुणी बघत नसताना जॉनी इतक्या गंभीरपणे जिना का चढतो, याला 'सस्पिशन'कडे उत्तर नाही. आत्महत्येच्या विचारात असलेला माणूस तसा चढू शकेल, हे मान्य. पण मग ते दुःख आधी एकदा तरी, निमिषभर का होईना, दिसायला हवं होतं. तुमच्या पटकथेत असे जिने जितके सापडतील तितके कथनाच्या नजरेचे घोटाळे आहेत असं समजा. एकतर तो प्रसंग पात्राच्या नजरेतून लिहा, नाहीतर त्याला दुसरा अर्थ द्या, नाहीतर काढून टाका. काढताना जीव तुटेल, कारण नेमके हेच प्रसंग सगळ्यात झकास लिहिलेले असतात.

उलगडा संवादात असेल तर त्यातली माहिती वेगळ्या रंगाने अधोरेखित करा. तिच्यातलं किती प्रेक्षकाने आधी डोळ्यांनी पाहिलं आहे? निम्म्याहून कमी असेल तर बाकीचं मागे नेऊन पेरा: एखादं तिकीट, एखादी पावती, दाराआडून ऐकू आलेला फोन. मग तोच संवाद चार ओळींत उरकतो आणि प्रेक्षक पात्राच्या आधी उत्तरापाशी पोचतो. धक्क्याच्या नादात लेखक याला घाबरतात. मला विचाराल तर प्रेक्षक अर्धा क्षण पुढे असणं हीच थरारपटातली सगळ्यात गोड जागा आहे; जॉनीच्या हातातलं ते पत्र तिथेच उभं होतं.

एवढं केल्यावर निर्दोष नायकाचा शेवट ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, त्यात कमीपणा नाही. फक्त ज्याने संशय घेतला आणि ज्याच्यावर घेतला, त्या दोघांपैकी कुणाचं तरी काहीतरी कायमचं मोडलेलं दिसू द्या. लीनाने घाबरून एखादं पत्र आधीच पोस्टात टाकलं असतं, आणि मग जॉनी निर्दोष निघाला असता, तर गाडी वळवून घरी जाणं त्या दोघांना इतकं सोपं गेलं नसतं. हा माझा शेवट आहे, त्यावर वाद घालता येईल. तुमची एका ओळीतली वाट लिहून झाली की मधल्या भागाचा गोषवारा पाठवा, मग नेमक्या प्रसंगांवर बोलू.